कॅनॉलवरची कुस्ती

आमचे वस्ताद सायकलसकट उसात गेले तेव्हा मी बरीच पुढे होते. मागून आधी "अगं अगं अगं" ऐकू आलं, मग पाचट मोडल्याचा आवाज, आणि मग काहीच नाही. मी चालत्या सायकलवरून उडी मारली, सायकल भरावावर आडवी टाकली आणि मागे धावले. बघते तर दोन सऱ्यांच्या मध्ये हे उताणे पडलेले, सायकल पोटावर, आणि पुढचं चाक अजून गरगर फिरतंय. कोपर सोलवटलं होतं. उसाच्या पात्यानं कपाळ कापलं होतं आणि रक्त भुवईपर्यंत आलं होतं.

"लागलं का वो?"

"पाठ लागली. चितपट झालो." हे आभाळाकडे बघत म्हणाले. "उठीव आता."

"तुमचं तुमास्नी उठाय येत न्हाई व्हय?"

"येतंय की. पर ज्यानं पाडलं त्यानं हात द्यायचा आसतो. सायकल तू आणलीस, शिकवतीस तू. म्हंजी तूच पाडलंस."

मी सायकल बाजूला केली, पदरानं त्यांचं कपाळ पुसलं आणि हात दिला. ते धूड ओढताना माझाच खांदा निखळायची वेळ आली. उठल्यावर हे माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. पाठीवरची माती झाडायची, तीही पाडणाऱ्यानंच. तालमीची रीत ती. आमच्या घरात नातवंडं अंथरुणावर लोळून खेळायची तेव्हासुद्धा ती मोडायची नाही. पाठ टेकली की हात सोडायचा, उठवायचं, माती झाडायची. संपली कुस्ती.

"आन् त्या सायकलीला ब्रेक हाय का न्हाई?" हे म्हणाले. "सारखी माकडावानी उड्या टाकतीस ती."

"हाय की. सवय न्हाई मला."

ते खरंच होतं. लहानपणी थोरल्या भावाची सायकल मी चोरून पळवायची, तिरकी होऊन, दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारायची. त्या सायकलीला ब्रेक नव्हतेच. थांबायचं झालं की उडी टाकायची, एवढंच मला येत होतं. मग लग्न झालं, वस्तादांच्या घरात आले आणि सायकल सुटली ती केस पांढरे होईपर्यंत.

हिंदूराव वस्ताद म्हटलं की आमच्या तालुक्यात आजही म्हातारी माणसं पायातलं पायताण काढतात. ऐन उमेदीत ह्यांची मांडी माझ्या कमरेएवढी होती. पण पैलवानकी सुटली की अंग सुटतं. खुराक सुटत नाही आणि जोर-बैठका सुटतात. पोट पुढे आलं, गुडघे झिजले, आणि मग साखर निघाली. ह्यांच्या थोरल्या भावालाही तीच. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती चिघळली आणि शेवटी गुडघ्याखालून पाय काढावा लागला. त्यानंतर भाऊजी पुढच्या सोप्यात बाजेवर पडून असायचे, उरलेला अर्धा पाय उशीवर ठेवून. मी रोज ती उशी बदलायची. एक दिवस उशी बदलायला गेले तर भाऊजी संपलेले होते.

म्हणून मिरजेचे डॉक्टर ह्यांना म्हणाले, "पाय ठेवायचे असतील तर पाय हलवा. चालणं तुमच्या गुडघ्याला झेपणार नाही. सायकल चालवा," तेव्हा ह्यांना हसू आलं.

"पैलवानानं सायकलीवर बसायचं नसतंय, डॉक्टर. आमच्या थोरल्या वस्तादांनी बंदी घातलीया. पोटऱ्यांचं गोळं हुत्यात."

"थोरलं वस्ताद गेलं वर," मी तिथंच डॉक्टरांसमोर म्हणाले. "त्ये न्हाई यायचं तुमचा पाय राखाय. मीच हाय हितं."

घरी येऊन मी दोन सायकली आणवल्या. आधी मी पुन्हा शिकले. वस्तादांची बायको लुगडं खोचून कॅनॉलवर सायकल मारते म्हणून गावभर हसू झालं, तेव्हा लाजेकाजेनं हेही आले. सकाळी सकाळी, कुणी बघायच्या आत. पडले, आपटले, मला शिव्या घातल्या, थोरल्या वस्तादांच्या फोटोसमोर कान धरले. आणि मग जमलं. काही महिन्यांत साखर खाली आली. एके दिवशी जेवायला बसले ते चक्क मांडी घालून. मी भाकरी थापता थापता बघत राहिले आणि तव्यावरची भाकरी करपली.

*

महिपत आला तो अशाच एका दुपारी, हे जेवून उठले तेव्हा.

महिपत हा ह्यांचा पठ्ठा. आई गेलेलं पोर, बापानं तालमीत आणून सोडलं होतं. तालमीत निजायचा आणि आमच्याकडे जेवायचा. किती वर्षं मी त्याच्यासाठी पहाटे उठून बदाम वाटले! दारातून "काकी!" अशी हाक आली की थंडाईचा पितळी पेला घेऊन मी बाहेर जायची, आणि ते पोर एका दमात पेला रिकामा करून मिशीवरचा फेस हातानं पुसायचं. तेव्हा मिशी नव्हती खरं तर, पण पुसायचं. पुढे गदा जिंकल्या, नाव झालं, आणि नाव झाल्यावर जे होतं तेही झालं. बाजारपेठेतल्या एका बिल्डरनं त्याला जवळ केलं. कुस्ती सुटली, जीप आली, गळ्यात साखळी आली. जागा रिकाम्या करून देणं हे आता त्याचं काम होतं, असं लोक सांगायचे. मी विश्वास ठेवायची नाही.

तो ह्यांच्या पाया पडला आणि खाली सतरंजीवर बसला. मी सवयीनं पेला आणून त्याच्यापुढे ठेवला.

"वस्ताद, तालमीची जागा द्याय बाकीचं चार पंच तयार हैत," तो म्हणाला. "तुमी एकटंच आडून बसलाय."

"बसलोय."

"गावाभाईर दुप्पट जागा देतोय त्यो. नवी तालीम, खाली मॅट, वर पंखं..."

"आन् माती?"

"आता मातीत कोन खेळतंय वस्ताद?"

"तू खेळलास." हे शांतपणे म्हणाले. "तुला त्याच हौद्यात पयल्यांदा पाडला मी. रडला हुतास."

महिपतनं मान खाली घातली. मला वाटलं, विरघळलं पोरगं. पण मान वर आली तेव्हा चेहरा वेगळाच होता.

"मला मोकळ्या हातानं माघारी जाता येत न्हाई, वस्ताद. तुमाला ठावं न्हाई त्यो मानूस."

"मग जाऊ नगंस माघारी. हितंच ऱ्हा. तालमीत जागा हाय."

तो उठला. दाराशी जाऊन वळला. "रोज सकाळी कॅनॉलवर जाताय म्हनं दोघं. वाट सुनसान आसती. जपून जावा."

"धमकी देतोस व्हय रं?" मी विचारलं.

"न्हाई, काकी. सांगतोय."

जीप गेली. सतरंजीजवळ पेला तसाच होता, भरलेला. माझ्या हातची थंडाई त्यानं न पिता ठेवली ती त्या दिवशी पहिल्यांदा. मी ती मोरीत ओतली आणि पेला घासायला बसले.

"उद्यापास्नं कॅनॉल बंद," मी म्हणाले.

"आन् पाय?"

मी पेला पालथा घातला. हे हसले. "आगं, आपलं पोरगं हाय त्ये. त्याच्या अंगाला आपल्या हौद्याची माती लागलीया. मागनं वार न्हाई करायचा त्यो."

तेवढं मात्र खरं निघालं. तो मागून आला नाही.

*

कॅनॉलच्या रस्त्याला एक चढ आहे, त्यापुढे मोरीचा छोटा पूल. मी नेहमीप्रमाणे पुढे होते. चढ चढून वर आले आणि मागे वळून पाहिलं, तर उसातल्या गाडीवाटेवरून जीप बाहेर आली आणि ह्यांच्यासमोर आडवी झाली. महिपत उतरला. एकटाच होता. हातात गज होता.

मी सायकल वळवली. अंतर फार नव्हतं, आणि सकाळच्या शांततेत शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"देतो म्हना, वस्ताद. येवढंच म्हना."

"न्हाई."

त्यानं गज सायकलीवर घातला. हँडल वाकलं, घंटी तुटून उडाली. हे दोन्ही पाय रोवून उभे राहिले.

"म्हना."

"हात दुखंल तुझा, महिपत. टाक त्यो गज."

दुसरा वार ह्यांच्या डाव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला वरपर्यंत आला. मी ओरडले, काय ओरडले कुणास ठाऊक. आणि त्याच क्षणी ह्यांनी उजव्या हातानं त्याचं मनगट धरलं.

मी ह्यांच्या कुस्त्या कधी पाहिल्या नव्हत्या. बायकांना मैदानात कोण नेतो? ती पहिली आणि शेवटची. हाताला हात लागला आणि ते साखरवालं, गुडघेदुखीवालं म्हातारं माणूस कुठे गेलं ते कळलंच नाही. ह्यांनी त्याला आत ओढलं, कंबर घातली आणि ढाक मारली. एका हातानं. महिपतचे पाय आभाळाकडे गेले आणि तो अख्खा मुरमावर आपटला, पाठीवर. गज बाजूला जाऊन पडला. ह्यांचा गुडघा त्याच्या छातीवर होता आणि उजवा हात नरड्यावर. महिपतचे डोळे पांढरे झाले होते.

"सोडू नगा!" मी वरून ओरडले. "दाबून धरा त्येला! मी आले!"

ह्यांनी त्याच्या पाठीकडे पाहिलं. पाठ पूर्ण टेकली होती. दोन्ही खांदे टेकले होते.

ह्यांनी हात सोडला.

आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं. ह्यांचा डावा हात मोडून लोंबत होता आणि ह्यांनी उजवा हात पुढे केला, ज्यानं मोडला त्याला उठवायला. महिपतनं तो हात धरला आणि उठला. ह्यांनी त्याला वळवलं आणि पाठीवरचा मुरूम झाडला. वर म्हणाले, "बरा खेळलास. पर खांदा ढिला सोडतोस आजून."

महिपत वाकला. कुस्ती झाल्यावर वस्तादांच्या पाया पडायचं, हीही रीत. ह्यांनी आशीर्वादाला हात त्याच्या डोक्यावर ठेवला. त्याचा हात ह्यांच्या पायांपर्यंत गेला, आणि पायांवरून पुढे गेला. तिथं गज पडला होता.

वाकलेल्या अवस्थेतच त्यानं खालून फिरवला. उजवा गुडघा. हे ओरडले नाहीत, फक्त बसले, असे बसले की पाय उलटा दुमडला होता. त्यानं पुन्हा मारला, त्याच गुडघ्यावर. मग नडगीवर. रक्तानं धोतर भिजलं.

"पाय नसला तरी सही करता येती, वस्ताद," तो म्हणाला, आणि गज पुन्हा उचलला.

पाय नसला तरी! भाऊजींची ती बाज, ती उशी, ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मला दुसरं काही दिसेना. मी उतारावर होते. पायडल मारलं, आणखी मारलं, सायकल खाली सुटली. महिपतनं आवाज ऐकून मान वळवली, तोवर फार उशीर झाला होता. उडी मारायची सवय होती मला. ती मी त्या दिवशी मारली नाही. ब्रेक तर माझ्या हाताला ठाऊकच नव्हता.

सगळ्या वेगानिशी मी त्याच्यात घुसले. हँडल त्याच्या बरगड्यांत गेलं. माझं तोंड कशावर आपटलं माहीत नाही, समोरचे दात तुटले, तोंडात रक्त आणि माती एकदमच आली. तो उताणा पडला होता, सायकल त्याच्या कमरेवर. पाठ टेकली होती. दोन्ही खांदे टेकले होते. गज आमच्या दोघांच्या मध्ये पडला होता आणि मी त्याच्या आधी तिथं पोचले.

"मालन!" हे ओरडले. "पाठ लागली त्येची! सोड!"

मी सोडलं नाही. मी कुठल्या तालमीत गेले होते? मी बदाम वाटले होते. मी उशा बदलल्या होत्या. मी गज दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला.

"काकी!"

अगदी तशीच हाक. दारातून यायची तशी. माझा हात थांबला नाही. त्या हाकेवरच मी दुसरा वार केला. तो हातानं गुडघा झाकायला गेला, मी हातावर मारलं, बोटं बाजूला झाली, पुन्हा गुडघ्यावर मारलं. "पाय नसला तरी?" मी ओरडत होते. "पाय नसला तरी, व्हय रं भाड्या?" किती वेळा मारलं ते मला खरंच माहीत नाही. पांढरं काहीतरी बाहेर आलेलं दिसलं तरी मी थांबले नव्हते.

मग गज वर गेला आणि खाली महिपत दिसेना. हे दिसले. मोडका पाय फरफटत, एका हातावर सरपटत हे आले होते आणि त्याच्या पायांवर आडवे पडले होते. ह्यांच्या पांढऱ्या केसांत मुरूम भरला होता.

"मार आता," हे म्हणाले.

माझे हात वरच राहिले. खांदे दुखेपर्यंत वरच राहिले. मग मी तो गज कॅनॉलच्या पाण्यात फेकून दिला आणि तिथंच बसले. त्या दोघांचं कण्हणं एकमेकांत मिसळलं होतं, कुणाचं कुठलं ते ओळखू येत नव्हतं. दूधगाडीवाला आला तेव्हा तो आधी आमच्याकडे बघूनच पळाला. परत आला ते माणसं घेऊन.

*

मिरजेला दोघांना एकाच दवाखान्यात नेलं, वेगवेगळ्या खोल्यांत. संध्याकाळी पोलिसांचा साहेब ह्यांच्या खाटेशी आला. मी कोपऱ्यात बसले होते, तोंडावर बर्फाची पुरचुंडी धरून. साहेबानं विचारलं की काय झालं.

"जोड लावली हुती," हे म्हणाले.

"कसली जोड?"

"कुस्तीची. पठ्ठ्याबरूबर. खेळताना लागलं."

साहेबानं एकदा ह्यांच्या हाताकडे पाहिलं, एकदा पायाकडे. "या वयात? कॅनॉलवर? आणि त्याचा गुडघा चुरा झालाय तो?"

"जोर हाय आजून."

"आणि बाईंचे दात?"

"सायकल शिकतीया ती. पडली."

मी तोंड उघडलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि चाळीस वर्षांत ह्यांनी माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. मी बर्फ परत तोंडावर दाबला. साहेब गेल्यावर मात्र मी तुटक्या दातांनीच ह्यांना झाडलं. त्याला तुरुंगात सडवायचं सोडून पाठीशी घालता? ह्यांची ती रीत, ती माती, ते थोरले वस्ताद, सगळ्यांचा उद्धार केला.

"झालं बोलून?" हे म्हणाले. "त्यो आत गेला तर तूबी आत जाशील. मी भाकरी कुनाच्या हातची खाऊ?"

पलीकडच्या खोलीत महिपतनंही तेच सांगितलं होतं. खेळताना लागलं. ते ऐकून माझा राग कमी झाला म्हणाल, तर नाही झाला.

पायाचं काय, एवढं एकच मी रोज विचारायची. रोज डॉक्टर पट्टी सोडायचे, बघायचे आणि काही न बोलता बांधायचे. मी त्यांच्या तोंडाकडे बघून जखम कशी आहे ते ओळखायला शिकले. अखेर एके दिवशी ते म्हणाले, "भरतेय. साखर पूर्वीएवढी असती, तर इथून पाय घेऊन घरी गेला नसतात, वस्ताद. सायकलीचे उपकार माना." मी खोलीबाहेर गेले, जिन्यात बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले.

गुडघा अर्धाच वाकू लागला. हात बरा झाला. तालमीच्या जागेचा विषय त्यानंतर एकाही पंचानं तोंडातून काढला नाही. आणि पाऊस सरल्यावर ह्यांना धरून मी पुन्हा सायकलीवर बसवलं, पहिल्यापासून. सीट धरून मागे मीच चालायची.

*

पुढची दोन वर्षं मी महिपतचं तोंड पाहिलं नाही. ऐकलं मात्र सगळं. गुडघा गेला तशी जीप गेली, साखळी गेली. लंगड्याला कोण पोसतो? हे तालमीत त्याला भेटतात, हेही कानावर आलं. मी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही.

मग एक दिवस हे सकाळी म्हणाले, "महिपतच्या गुडघ्याला डॉक्टरनं सायकल सांगितलीया. मी बोलीवलंय कॅनॉलवर."

"बोलवा," मी म्हणाले. "फक्त माझ्या वाटंत येऊ नगंस म्हनावं."

आला. एक जुनी सायकल घेऊन, पाय ओढत. त्यानं माझ्याकडे बघायचं धाडस केलं नाही. हे काठी टेकत त्याच्या मागे चालायचे आणि ओरडायचे, "हँडल सैल धर! पुढं बघ, चाकाकडं न्हाई!" मीच ह्यांना शिकवलेले शब्द. मी त्यांना ओलांडून पुढे निघून जायची आणि परत येताना दुसऱ्या कडेनं यायची. असे बरेच दिवस गेले.

त्या दिवशी मी मोरीच्या पुलावरून परतले आणि चढाच्या माथ्यावर आले. सायकलीनं वेग घेतला. खाली महिपत एकटाच चालवत होता, ह्यांनी सीट सोडली होती. त्यानं मला येताना पाहिलं. घाबरला असावा. हँडल इकडे गेलं, तिकडे गेलं, आणि तो रस्त्याच्या मधोमध पडला. उताणा. डोकं बरोबर माझ्या चाकाच्या रेषेत.

उडी मारली असती तर मी सुटले असते आणि सायकल सुटून त्याच्यावर गेली असती. हे मला स्पष्ट कळलं. हेही कळलं की कुणी मला दोष दिला नसता. हे काठी टेकून उभे होते. ओरडले नाहीत. नुसतेच बघत होते.

मी दोन्ही ब्रेक आवळले. मागचं चाक घसरलं, मी हँडलवर आपटले, आणि पुढचं चाक त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर थांबलं.

तो हलला नाही. तसाच उताणा पडून राहिला, माझ्याकडे बघत.

"उठवा की त्येला," मी ह्यांना म्हणाले.

"मी न्हाई पाडलं."

"सायकलीवरनं पडलाय त्यो. कुनीच न्हाई पाडलं."

"आजचं न्हाई म्हनत मी." ह्यांनी काठीनं रस्त्याची ती जागा दाखवली. तीच जागा होती. "तवाचं म्हनतोय. तू पाडलंस त्येला, मालन. पाठ लागली हुती. उठवायचं ऱ्हायलंय. दोन वर्सं झाली, उताणाच हाय त्यो."

मी सायकल धरून उभी राहिले. माझ्या तोंडात ते रक्त आणि ती माती पुन्हा आली. मागून उसानं भरलेला ट्रॅक्टर आला, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मग आमचं तिघांचं काय चाललंय ते बघून गप्प बसला. महिपतच्या वाकड्या बोटांकडे माझं लक्ष गेलं. तीही माझीच करणी.

मी सायकल स्टँडवर लावली आणि हात पुढे केला.

त्यानं धरला. ओढताना माझा खांदा दुखला. उभा राहिल्यावर तो माझ्याकडे पाठ करून थांबला, लहानपणी हौद्यातून बाहेर यायचा तसा. शर्टाला मुरूम लागला होता. मी झाडला. झाडण्यापेक्षा जरा जोरातच, दोन-चार थपडा. त्याचे खांदे हलत होते. ते मी पाहिलं नाही असं केलं, सायकलीवर बसले आणि घरी आले.

आता महिपत रोज येतो. चांगली चालवतो, ह्यांच्यापेक्षा बरी. फिरून आल्यावर तो आमच्या उंबऱ्याबाहेर थांबतो आणि हे आत येऊन म्हणतात, "मालन, थंडाईचा एक पेला जादा घाल."

मला ऐकू येत नाही. रीत त्यांच्या तालमीची होती, ती मी पाळली. थंडाई माझ्या हातची आहे.